दमट हवेत लांब डोंगरधाव: रेटायचं की परत फिरायचं?

अर्धवट_धावक
मंडळी,
गेल्या रविवारी मी आणि एक मित्र कात्रज ते सिंहगड आणि परत असं धावायला गेलो होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून वर वाघजाईच्या देवळाकडून धार पकडायची आणि टेकड्यांमागून टेकड्या चढत-उतरत सिंहगडाच्या डांबरी रस्त्याला लागायचं. सोळाएक किलोमीटर. टेकड्या तेरा. (काही जण सोळा सांगतात, ते बहुधा दमल्यावर मोजत असावेत.) धारेवर पाणी नाही, सावली नावालाच, आणि सिंहगडावरचा टीव्ही टॉवर पहिल्या टेकडीवरून दिसायला लागतो तो शेवटच्या टेकडीपर्यंत तेवढाच लांब राहतो.

पहाटे साडेपाचला निघालो. फोनमध्ये २३ अंश, आर्द्रता ९४ टक्के. आठवडाभर पडून पाऊस उघडलेला, गवत कमरेएवढं, वारा अजिबात नाही. जाताना ३ तास १० मिनिटं लागली. वर दोन ग्लास ताक प्यायलो, दोन लिटर पाणी भरून घेतलं आणि नऊच्या सुमारास उलटे फिरलो.

दुसऱ्याच टेकडीवर मळभ फाटून ऊन आलं आणि भट्टी पेटली. घाम वाळतच नव्हता, कोपरावरून धार लागलेली. बुटात पचक-पचक. चालतानाही ठोके १७० च्या वर. मग दोन्ही पोटऱ्यांत गोळे. मित्र म्हणाला, "रेट की, आता काय, घरी जायचं तर चालावंच लागणार." रेटलं. शेवटून तिसऱ्या टेकडीवर दहा मिनिटं बसलो. बॅगेची चेन उघडत नव्हती, आणि उघडून काय काढायचं होतं तेही आठवेना, म्हणून वैतागून तशीच पाठीला लावली. दोन वाजता बोगद्यापाशी. म्हणजे परतीला ४ तास ५० मिनिटं.

घरून निघताना ७१.२ किलो होतो, आल्यावर ६८.१. मधे चार लिटरच्या वर पाणी पिऊनही. बायको काही बोलली नाही, हे सगळ्यात वाईट.

तर प्रश्न असा: याला जिद्द म्हणायचं की मूर्खपणा? आणि दमट दिवशी लांब धावताना तुम्ही नेमकं काय करता?

तिरकस
रविवारी पहाटे साडेपाचला माणसं झोपलेली असतात असं ऐकून आहे. अभ्यासूंनी प्रकाश टाकावा.

पिवळी_सोनकी
चार लिटर पिऊन तीन किलो उतरलात, म्हणजे सात लिटरच्या आसपास घाम. आठ तासांत. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण हे घाबरवणारं आहे.

पोटऱ्यांतले गोळे हा मला नेहमी "वेग चुकला" असा निरोप वाटतो. जाताना ३:१० हा तुमचा कोरड्या हवेतला वेळ आहे का? असेल तर तिथेच घोटाळा झाला.

मुलुंडचा_माणूस
आम्ही मुंबईकर याला "रविवार" म्हणतो. ठाण्याजवळच्या येऊरला सप्टेंबरात या एकदा. ९४ टक्के म्हणजे आमच्याकडे हवा कोरडी पडली. हलके घ्या.

अर्धवट_धावक
@पिवळी_सोनकी, हो. फेब्रुवारीत ३:०५ लागले होते. तेच डोक्यात होतं.
@मुलुंडचा_माणूस, येतो, पण परत जायला लोकल द्या.

खडीसाखर
फेब्रुवारीचा वेळ सप्टेंबरात का चालत नाही, त्याचा हिशोब मांडतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

धावताना साधारण किलोला किलोमीटरमागे एक कॅलरी खर्च होते. ७० किलोचा माणूस तासात दहा किलोमीटर धावला की ७०० च्या आसपास. (इथे कॅलरी म्हणजे जेवणाच्या पाकिटावरची.) त्यातला पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच निव्वळ उष्णता होऊन बसतो, धरा साडेपाचशे. आता एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० कॅलरी काढून नेतो. म्हणजे सपाटीवर तासाला एक लिटर घाम, पण *वाळलेला*, एवढ्यात काम भागतं. कोपरावरून गळालेला घाम वाया गेला. त्याने पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही. शरीराला मात्र हे कळत नाही. ते म्हणतं अजून पुरेसा गार झालो नाही, सोड आणखी.

आजीच्या स्वयंपाकघरातला माठ आठवा. एप्रिलमध्ये दात कळवळतील असं पाणी, जुलैत कोमट. माठ तोच, झिरपणं तेच, बाहेरचं पाणी वाळायचं थांबलं.

दुसरं, टक्केवारीवर जाऊ नका. पहाटे २३ अंशाला ९४ टक्के होती, दुपारी ३० अंशाला फोन ६२ टक्के दाखवेल आणि तुम्हाला वाटेल हवा सुधारली. हवेतलं बाष्प तेवढंच आहे, वर ऊन वाढलंय. त्यासाठी दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते. दोन्ही वेळी तो २२ च्या आसपास येतो. माझा ठोकताळा: दवबिंदू २० च्या वर असेल तर घड्याळातला वेग बघायचाच नाही.

रानवाटा
माठाचं उदाहरण जबरी. वाचनखूण साठवली आहे.

कोकणी_इरलं
आमच्याकडे लावणीच्या दिवसांत माणसं सकाळी सातपासून चिखलात वाकलेली असतात. पाऊस थांबला की इरल्याखाली अशी वाफ धरते की विचारू नका. कोणी हायड्रेशन बॅग लावत नाही. पण अकराच्या सुमारास बांधावर बसणं होतंच. तांदळाची पेज, त्यात मीठ, सोबत लोणच्याची फोड. ऊन चढलं तर दुपारी हात आखडता. माझे काका म्हणायचे, "लावणी आजच संपवायची असेल तर उद्या माणूस कुठून आणशील?"

शहरात आल्यावर मी पण दमट हवेत घड्याळ बघून धावायला लागलो, ते वेगळं.

तिरकस
पेजेचं जेल काढा कुणीतरी. "गावरान एनर्जी, सोबत लोणच्याची फोड मोफत".

नाना_फडताळे
ताक पिऊन लगेच सोळा किलोमीटर धावणाऱ्याच्या पोटाला माझा साष्टांग दंडवत. सिंहगडावर जाऊन मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी न खाता उलटं फिरणं हा मात्र मूळ गुन्हा आहे. बाकी चर्चा दुय्यम.

बिनधास्त_बंड्या
मला एक कळत नाही, आता थकलो की लगेच दवबिंदू? डोंगरात त्रास होणारच. त्रास नको तर जिममध्ये पट्ट्यावर पळा. मी राजगड-तोरणा जूनमध्ये केलंय, उलटी झाली, तोंड धुतलं, पुढे गेलो. शरीर ऐंशी वेळा "थांब" म्हणतं, त्यातलं एकदाच खरं असतं. सगळं ऐकत बसलं तर माणूस घराबाहेर पडणार नाही. धागाकर्त्याने पूर्ण केलं, अभिनंदन.

पिवळी_सोनकी
@बंड्या, ते ऐंशीतलं एक कुठलं हे कसं ओळखता?

बिनधास्त_बंड्या
अनुभव.

पिवळी_सोनकी
बरं.

वैद्यबुवा
मी फिजिशियन आहे, हौशी धावपटूही. धाग्यात सगळे पोटऱ्यांबद्दल बोलतायत. मला पोटऱ्यांची फारशी चिंता नाही. धागाकर्त्याने सहज लिहून टाकलेलं एक वाक्य पुन्हा वाचा: बॅगेची चेन उघडत नव्हती आणि काय काढायचं होतं ते आठवेना.

थकवा, गोळे, मळमळ, डोकं जड, हे सगळं उन्हाच्या शिणात येतं. सावली, पाणी, मीठ, विश्रांती, माणूस तासाभरात बोलता होतो. पण वागण्यात फरक पडला, म्हणजे बोबडं बोलणं, विसरणं, चिडणं, झोकांड्या जाणं, की तो उष्माघात धरूनच चालायचं. आतलं तापमान तेव्हा ४० च्या वर गेलेलं असू शकतं. एक गैरसमज असा की उष्माघातात कातडी कोरडी पडते. धावणाऱ्याची पडेलच असं नाही. तो घामाने निथळत असताना उष्माघातात असू शकतो.

अशा वेळी आधी गार करा, मग हलवा. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, असेल ते पाणी अंगावर ओता, टोपीने, नकाशाने, कशानेही वारा घाला. एखादा ओढा किंवा पाण्याचं टाकं जवळ असेल तर डोकं धरून, मानेपर्यंत त्यात बसवा. हा सगळ्यात चांगला उपाय. १०८ ला फोन. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

आता उलट बाजू. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेव्हाही माणूस असाच बरळतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्यात शर्यतीत वजन *वाढलेले* जास्त सापडले. धागाकर्त्याचं तीन किलो उतरलंय, तेव्हा त्याची ती गत नसावी. पण "जमेल तेवढं पाणी प्या" हा सल्ला सरसकट देऊ नका.

दोन प्रश्न. गोळे आल्यावर वेदनाशामक गोळी घेतली का? पाणी आटलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात. आणि लघवीचा रंग? काळ्या चहासारखा असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर धागा बंद करून रक्त तपासायला जा.

आणखी एक. "दहा मिनिटं बसलो" असं लिहिलंय. मित्राला विचारून बघा.

अर्धवट_धावक
गोळी नाही घेतली. रंग त्या दिवशी चहासारखा होता (दुधाच्या नाही), सोमवारी सकाळी ठीक. मित्र या संस्थळावर आहे, त्याला दुवा पाठवतो.

नाना_फडताळे
माझा पिठल्याचा प्रतिसाद वैद्यबुवांच्या वर आल्याबद्दल दिलगीर आहे.

सिंगापूरची_सई
इथे बारा महिने दवबिंदू २४-२५ असतो, त्यामुळे दमट दिवस अशी वेगळी गोष्ट नाही. मॅकरिची जलाशयाभोवतीच्या रानात अकराएक किलोमीटरचा फेरा आहे, तिथे दर शनिवारी जाते. माकडं आपल्यासारखीच, पिशवी दिसली की हात घालतात.

पुण्याहून आले तेव्हा पहिले दोन आठवडे पाच किलोमीटरलाही जीव कासावीस व्हायचा. मग सवय झाली. ती खरीच होते, दहा ते चौदा दिवसांत. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण त्यासाठी त्या हवेत रोज थोडं थोडं धावावं लागतं. आठवडाभर एसी ऑफिसात बसून रविवारी एकदम बत्तीस किलोमीटर, ही सवय नव्हे.

इथे शिकलेलं: ठोक्यांवर धावायचं. १५० ठरवले की १५०, मग चढावर चालावं लागलं तरी चालेल. माझा वेग किलोमीटरमागे मिनिटभराने पडतो. पहिल्या वर्षी रडू यायचं, आता घड्याळावरचा तो रकानाच काढून टाकलाय.

मुलुंडचा_माणूस
सईताई, माकडांबद्दल सविस्तर लिहा. आमच्याकडे येऊरला माकडांबरोबर बिबट्यापण आहे, त्यामुळे वेग आपोआप सुधारतो.

रानवाटा
मिठाचं कोणी बोललं नाही अजून. मी ओआरएस नेतो. पुडीवर लिहिलेलं असतं एक लिटर, लोक अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओततात आणि मग मळमळतं म्हणतात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

अवांतर: ही साधी पुडी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोग्यांवर वापरली. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या, तर पिंपात द्रावण कालवून नातेवाइकांकडूनच पाजलं. मृत्यू कितीतरी खाली आले. आपण ते टेकड्या चढायला वापरतो.

तिरकस
म्हणजे चिक्की, खजूर, राजगिरा वडी वगैरे परंपरा बंद?

रानवाटा
बंद कशाला? दमट हवेत गोड खायची वासनाच जाते, म्हणून मी खारे शेंगदाणे आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा ठेवतो. संपल्यावर मीठ-जिरं घातलेलं कोकम. ते मात्र गडाखाली.

पिवळी_सोनकी
बायकांच्या बाजूचं एक. उघड्या धारेवर आडोसा नसतो, म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणी मुद्दाम कमी पाणी पितात. मी पण प्यायचे. दमट दिवशी हे सरळ धोक्याचं आहे. आता आम्ही चौघी निघतो, दोघी ओढणी धरतात. पुरुष मंडळी गट नेतात तेव्हा "दर तासाला पाच मिनिटं थांबू, तुम्ही मागे या" एवढं म्हणाले तरी पुष्कळ.

आणि काचण्यावर कोणीच कसं बोलत नाही? घामाने भिजलेला कपडा आठ तास घासला की काखेत, जांघेत, पट्ट्यांखाली सोलवटून निघतं. खोबरेल तेल तासाभरात उतरतं, पेट्रोलियम जेली टिकते. आंघोळीचं पहिलं पाणी अंगावर पडतं तेव्हा कळतं कुठे लावायची राहिली.

मुलुंडचा_माणूस
शेवटच्या वाक्याला किंकाळीसह अनुमोदन.

आजीचा_नातू
जरा वेगळं लिहितो. माझी आजी वारी करायची. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो टप्पा वारीतला सगळ्यात लांब समजतात. त्यात दिवेघाट, त्यात एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा किंवा तोही नाही. ज्येष्ठातली कुंद हवा, लाखभर माणसांची वाफ. आजी तेव्हा पासष्टची. मी कॉलेजात होतो, एका वर्षी बरोबर गेलो आणि घाटाखालीच बसलो.

ती म्हणाली, बस, विसावा झाला की ये. तिच्या बोलण्यात "थकलास का" हा प्रश्नच नव्हता. पालखीला विसावे ठरलेले असतात, पुढचा कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. माणूस पुढच्या विसाव्यापर्यंत चालतो. पंढरपूर किती लांब हे घाटात कोणी विचारत नाही. तुमचा तो टॉवर दिवसभर समोर होता ना? मला वाटतं निम्मा दम त्यानेच काढला.

कोकणी_इरलं
वा!

बिनधास्त_बंड्या
बघा, आजीने पण रेटलंच की.

आजीचा_नातू
@बंड्या, आजी त्या दिवशी घाटात चार वेळा बसली. मी मोजलंय, कारण प्रत्येक वेळी तिने मला पण बसवलं.

दगडफूल
मीच तो मित्र. खातं जुनं आहे, पासवर्ड आठवायला दोन दिवस गेले.

काही दुरुस्त्या. "रेट की" मी म्हणालो हे खरं. ते परतीच्या दुसऱ्या टेकडीवर, गोळे आले तेव्हा. तिथून उलटं फिरलो असतो तर अर्ध्या तासात डांबरी रस्ता होता. मी तेव्हा ते म्हणायला हवं होतं. माझी चूक, मान्य.

शेवटून तिसऱ्या टेकडीवर मी "रेट" म्हणालो नाही, "बस" म्हणालो. याला आठवत नाहीये. हा दहा मिनिटं बसला नव्हता. बॅगेच्या चेनशी झटापट करून झाल्यावर त्याने मला "दादा" म्हणून हाक मारली. दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, तो बंगळुरूला असतो. मग विचारलं, "गाडी कुठे लावलीस?" आम्ही रिक्षाने आलो होतो.

माझी फाटली. एका झुडपाची वीतभर सावली होती, तिथे आडवा केला, शर्ट काढला, माझ्याकडचं उरलेलं सगळं पाणी डोक्यावर आणि मानेवर ओतलं आणि त्याच शर्टाने वारा घालत बसलो. तेव्हा हे सगळं माहीत होतं म्हणून नाही, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. फोनला रेंज एक काडी. खाली उतरायची वाट शोधली तर गवतात सगळ्या बुजलेल्या. उन्हाळ्यात तिथून गावाकडे उतरणारी ढोरवाट मला ठाऊक आहे, सप्टेंबरात ती दिसलीच नाही. म्हणून पुढे. तेही तो माझं नाव घेऊन शिवी द्यायला लागल्यावर.

हे त्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या, हिंमत झाली नाही.

अर्धवट_धावक
मला यातलं काही आठवत नाही.

घड्याळातली नोंद आत्ता उघडून बघितली. तिथे ५२ मिनिटं एकाच जागी आहे.

वैद्यबुवा
@दगडफूल, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. फक्त १०८ तेव्हाच लावायचा, एका काडीवरही लागतो कधी कधी.
@अर्धवट_धावक, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते कळायला) आणि यकृताच्या चाचण्या उद्याच करून घ्या, बरं वाटत असलं तरी. तोवर धावणं बंद. व्यक्तिगत निरोप करा.

बिनधास्त_बंड्या
प्रतिसाद काढून टाकला आहे.

नाना_फडताळे
बंड्या, काय लिहिलं होतंस ते मी वाचलंय. काढलंस ते बरं केलंस.

खडीसाखर
दगडफूल यांनी उतारवाटांचं लिहिलंय, ते मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. पावसाळ्यानंतर धारेवर जाताना आधीच ठरवायला हवं की कुठल्या खिंडीतून कुठल्या गावात उतरता येतं आणि ती वाट आज उघडी आहे का. नसेल तर त्या दिवशी ती धार लांब पल्ल्यासाठी नाही. छोटे फेरे मारावेत, दर तासाला पाण्यापाशी आणि माणसांपाशी आणणारे.

पिवळी_सोनकी
+१. आणि निघायच्या आधी, डोकं ताळ्यावर असताना जोडीदाराला सांगून ठेवायचं की तू थांब म्हणालास तर मी वाद घालणार नाही. मी राजगडाच्या वाटेवर एका शर्यतीत अशीच थांबले होते, मैत्रिणीने नंबर काढून घेतला छातीवरचा. चार दिवस बोलले नाही तिच्याशी. आता तिच्याच बरोबर धावते.

सिंगापूरची_सई
रिपोर्ट आले का?

अर्धवट_धावक
आले. सीपीके वाढलेलं आहे, बाकी ठीक. वैद्यबुवांनी दोन आठवडे फक्त चालायला सांगितलंय. दगडफूलचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने त्याला जेवायला बोलावलंय. मला अजून काही बोललेली नाही.

दोन आठवड्यांनी वेताळ टेकडीवर सुरुवात करतो. तीन किलोमीटरचा फेरा, दर फेऱ्याला नळ, घरून रिक्षाने दहा मिनिटं. ठोके १४५ च्या खाली. टॉवर दिसणार नाही अशा बाजूने.

तिरकस
टेकडीवरून सिंहगडाचा टॉवर दिसतो. हवा स्वच्छ असेल तर.

अर्धवट_धावक
तुम्ही कधी गेला होतात टेकडीवर?

तिरकस
रविवारी पहाटे साडेपाचला. हे इथेच राहू दे.

दगडफूल
त्या रविवारी पाच वाजता टेकडीवरच्या एआरएआय संस्थेच्या गेटपाशी. बॅगेची चेन मी उघडेन.